गळ्याकडे जाणारा हात

माझा उजवा हात लहानपणापासून माझं ऐकत नाही. मी घाबरले, दचकले, नुसतं आभाळ गडगडलं तरी तो आपोआप गळ्याकडे जातो. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात शिवाचं लिंग बांधतात. दोऱ्यात ओवलेल्या चांदीच्या डबीतलं ते लिंग मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. अवघड काम हाती घेताना डबीला हात लावायचा आणि तोच हात डोळ्यांना लावायचा, हे अव्वानं, माझ्या आईनं, मला चालायला शिकवतानाच शिकवलं असावं. त्या सवयीपायी मी नर्सच्या परीक्षेत नापास झाले. नापास झाल्याचं दुःख केव्हाच विरलं. त्यानंतर घरी येऊन मी जे बोलले, त्याची टोचणी मात्र इतकी वर्षं झाली तरी गेलेली नाही.

गुलबर्ग्याकडच्या आमच्या गावाला तेव्हा नुसतं कल्याण म्हणत. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गुलबर्ग्याला बायकांच्या एका दवाखान्यात मी नर्सचं काम शिकत होते. शाळा उर्दूत झाल्यामुळं उर्दूतल्या लेखी पेपराची धास्ती नव्हती, तो मी सहज काढला. राहिलं होतं बाळंतपणाचं प्रॅक्टिकल. परीक्षा घ्यायला हैदराबादहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. उंच, पांढरं पातळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांचा आवाज आला की आम्ही मुली भिंतीला लागून उभ्या राहत असू.

साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, औषधाच्या पाण्यात बुडवले आणि शिकवल्याप्रमाणे छातीसमोर उचलून धरले. आता कशालाही शिवायचं नाही. खाटेवरची बाई कळांनी विव्हळत होती. मी मनात म्हटलं, देवा, सांभाळ. आणि हात गेला. डबीला लागला, डोळ्यांना लागला, आणि मग माझ्या ध्यानात आलं.

"फिर से धो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत.

मी परत धुतले. तेवढ्यात बाईनं मोठ्यानं किंकाळी फोडली आणि माझा शहाणा हात पुन्हा गळ्याशी. बाजूच्या दोघी मुली खाली बघून हसल्या. डॉक्टरीणबाईंनी मला मागे सारलं, स्वतः पुढं झाल्या आणि बाळ हातात घेतलं. सगळं आवरल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. "गले का गले में रहने दो बेटी," त्या म्हणाल्या, "कोई निकालने को नहीं बोल रहा. बस, हाथ नीचे रखो. छे महिने बाद आओ."

त्यांचे हे शब्द मी मुद्दाम जसेच्या तसे लिहिले आहेत, कारण घरी जाऊन मी नेमके ह्याच शब्दांना उलटं केलं.

मोटारीतून उतरले तेव्हा अप्पा दुकानाच्या बाकावर बसले होते. आमचं खणांचं दुकान होतं, आणि त्या बाकावर गावातली तीन-चार माणसं कायम ठाण मांडून असायची. त्यात आमच्या समोरच्या घरातले अण्णाही होते. अप्पांनी सगळ्यांसमोरच विचारलं, "काय झालं गं?"

"नापास."

"कामून?"

हात गळ्याला लावला म्हणून, हे खरं उत्तर. पण चार माणसं टकामका बघायलेली, अप्पांचा चेहरा उतरलेला. मला शिकायला पाठवलं म्हणून ह्याच माणसांनी त्यांना वर्षभर टोमणे मारले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "लिंग काढून ठेव म्हनल्या. मी काढलं न्हाई."

मग समोरचे अण्णा म्हणाले, "शाब्बास पोरी." अप्पांचे डोळे भरून आले. "चुलीत गेली ती परीक्षा," ते म्हणाले, आणि माझी ट्रंक त्यांनी स्वतः उचलून घरी आणली. अप्पांनी माझं ओझं उचललेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांत गोष्ट गावभर झाली. मठात बोलावून माझ्या ओटीत नारळ घातला. बायका मला बघायला येऊ लागल्या. सांगणाऱ्यागणिक डॉक्टरीणबाई जास्त दुष्ट होत गेल्या. कुणाच्या तोंडी तर त्यांनी माझ्या गळ्यातल्या दोऱ्याला कात्री लावली होती. मी मान खाली घालून बसायची आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा. लाज वाटत होती, पण खोटं कशाला सांगू, ते कौतुक गोडही लागत होतं. नापास होऊन आलेल्या मुलीला एवढा मान कोण देतं?

समोरच्या अण्णांची मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. माझं बघून तिनंही नर्स व्हायचं घेतलं होतं. सातवी पास होती, हुशार होती, माझ्यापेक्षा नक्कीच हुशार. मी सुट्टीत घरी आले की माझी पुस्तकं उचलून न्यायची आणि हाडांची नावं घडाघडा म्हणून दाखवायची. प्रवेशाचा फॉर्म मीच तिला आणून दिला होता. अण्णांची सही तेवढी राहिली होती.

एक दिवस ती आमच्या परसदारी आली. रडून नाक लाल झालेलं.

"अण्णा सही करायला न्हाई म्हणायलेत. तिथं लिंग काढायला लावतेत म्हणं. अक्का, मी बी न्हाई काढणार. मग मला बी नापासच करतील, व्हय?"

परसात दुसरं कुणी नव्हतं. फक्त ती आणि मी. दोन वाक्यांत सगळं निस्तरलं असतं. मी म्हटलं, "बघू गं. पुढच्या वर्षी बघू."

तिनं मान हलवली. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता. फॉर्मची मुदत संक्रांतीच्या सुमाराला संपली.

मी पुन्हा परीक्षेला बसणार म्हटल्यावर अप्पा चिडले. "कशाला जायलीस त्या बायांच्या दारात?" मी हट्ट धरला. मला वाटायचं, पास झाले की सगळं आपोआप मिटेल, खोटं बोललेलंही पुसून जाईल. किती सोयीचा विचार! पुस्तकं काढून बसले. पण पुस्तकातलं मला येतच होतं. अडत होतं ते हाताशी, आणि हाताचा अभ्यास कुणाला सांगून करणार?

अव्वानं ते ओळखलं. मी भाकऱ्या थापत होते. मांजरानं फडताळातलं भांडं पाडलं, मी दचकले, आणि काळ्या चोळीवर गळ्यापाशी पिठाची पाच बोटं उमटली. अव्वा चुलीपुढून उठून माझ्याकडे बघत राहिली.

"ह्याच्यामुळंच नव्हं?" तिनं विचारलं. "काढ बीढ कुणी म्हणलं न्हाई तुला."

मी पीठ भरल्या हातांनीच रडले. अव्वानं मला जवळ घेतलं नाही. "समोरच्या पोरीची सोयरीक बघायलेत," ती म्हणाली. "अजून सुपारी फुटली न्हाई. आज सांग तुझ्या अप्पास्नी."

"परीक्षा झाली की सांगते."

"आज सांग."

मी नाही सांगितलं. पाठोपाठ चार दिवस तिनं विचारलं आणि चार दिवस मी काही ना काही निमित्त काढलं. पाचव्या दिवशी समोर पाहुणे येऊन सुपारी फोडून गेले. अव्वानं मग विषय काढला नाही. "मी सांगणार न्हाई," एवढंच म्हणाली, "तुझं तोंड हाय, तूच सांग."

तरी माझा अभ्यास तिनंच घेतला. सकाळी आंघोळ, पूजा झाली की ती म्हणायची, "लाव आता काय हात लावायचा तो. पोटभर लाव. मग कामाच्या मधी देवाला हाका मारू नको, त्याला बी त्याची कामं हायेत." मग कोपरापर्यंत ओलं पीठ माखून मी स्वयंपाकघराच्या मधोमध हात उचलून उभी राहायची. अव्वा मागून पातेलं आपटायची, खोटंच किंचाळायची, एकदा तर "अगं, तुझे अप्पा पडले!" म्हणून ओरडली. चोळीवर पीठ दिसलं की पुन्हा पहिल्यापासून. दोन महिने आम्हा मायलेकींचं हे चाललं होतं. शेवटी शेवटी हात उठायचा, अर्ध्यावर यायचा आणि शहाण्या बैलासारखा थांबायचा.

वैशाखात समोर मांडव पडला. हळदीला मी गेले. तिनं पिवळ्या हातांनी माझा हात धरला आणि म्हणाली, "अक्का, हाडांची नावं अजून याद हायेत मला." मी हसले.

लग्नानंतर आठ दिवसांनी मी परीक्षेला निघाले. अप्पा मोटारीपर्यंत सोडायला आले. एक पाय पायरीवर ठेवून मी त्यांना सगळं सांगितलं. पळून जायची सोय करून मग खरं बोलणारी मी! अप्पांनी ट्रंक टपावर चढवायला दिली आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "समोरच्याला काय सांगू मी आता?" मोटार सुटली. त्यांनी समोर काहीच सांगितलं नाही. मीही नाही.

परीक्षेत हात जागचा हलला नाही. डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं, माझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडे बघितलं आणि नुसत्या "अब हुआ," म्हणाल्या. मी पास झाले. त्यांच्या नजरेला नजर द्यायची मात्र मला हिंमत झाली नाही. कल्याणात त्या राक्षसीण होत्या आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मी त्याच दवाखान्यात नोकरीला लागले. पुढं दीड वर्षानं अण्णांची मुलगी तिथं बाळंतपणाला आली. पहिलटकरीण, अडलेली म्हणून अण्णा तिला घेऊन आले होते. मी तिच्या पोटावर हात ठेवून बाळ कसं आहे ते पाहत होते, तेव्हा तिची नजर माझ्या गळ्यावर गेली.

"अक्का, आता काढायला लावत न्हाईत व्हय?"

मी म्हटलं, "कधीच लावत नव्हते. मी खोटं बोलले होते."

कळ आली, मी हात पुढं केला, पण तिनं खाटेची सळई धरली. कळ ओसरली तरी सळई सोडली नाही. दाराबाहेर अण्णांचा आवाज येत होता. ते कुण्या दुसऱ्या पेशंटच्या माणसांना सांगत होते, "आत हाय ना, ती आमच्या गावची पोर. परीक्षा सोडली, पण लिंग सोडलं न्हाई."

मी दाराकडे वळले. "आत्ता जाऊन सांगते त्यांना."

"नको," ती म्हणाली. "त्यास्नी सांगू नको अक्का. मला पाठवलं न्हाई ते बरं केलं, असं वाटतंय त्यास्नी. वाटू दे."

तिसऱ्या प्रहरी तिला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत सांगायला मी बाहेर गेले. अण्णांनी धोतराच्या सोग्यात बांधून आणलेली साखर सोडली आणि पहिली चिमूट माझ्या हातावर ठेवली. "तुझ्यासारखी होऊ दे नात माझी," ते म्हणाले. उघड्या दारातून ती बघत होती. मी साखर तोंडात टाकली.