माठावरची मखमली टोपी

नफीसाआपा नसत्या तर मी आज भोपाळात नसतो. माणदेशात, आमच्या माळावर, मेंढरांच्या मागे असतो. म्हणून त्यांचं नाव आधी घेतलं. आनंद नगरात आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर आहे आणि त्या ब्लाउज शिवतात. आता काय झालं ते सांगतो. त्या शनिवारी माझ्या ताईचे सासरे वारले नव्हते.

मी आठवीतून शाळा सोडली. (शाळेने मला सोडलं असंही काही जण म्हणतात.) बरीच वर्षं इकडेतिकडे करून शेवटी ताईच्या सासरी येऊन राहिलो. ताईचे सासरे म्हणजे अण्णा सबनीस. मोठ्या कारखान्यात हयातभर वेल्डर, मग फोरमन. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की दत्तजयंतीपर्यंत काहीतरी काम शिकून दाखव, नाहीतर परतीची गाडी पकड. त्याप्रमाणे मी एका फोटो स्टुडिओत लागलो. पण अण्णांच्या मते ज्या कामात ठिणगी उडत नाही ते काम नव्हे. मी संध्याकाळी घरी आलो की ते माझे हात बघायचे आणि म्हणायचे, "आजही भाजला नाहीस?"

स्टुडिओत तेव्हा एक नवीन टूम निघाली होती. गिऱ्हाइकाचा साधा फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर त्याचं एखादं जगप्रसिद्ध चित्र करून द्यायचं. कुणाच्या बायकोला डोक्याला निळं फडकं बांधून मागे वळून बघायला लावायचं, कुणाच्या सुनेच्या हातात दिवा द्यायचा आणि चेहऱ्यावर त्याचा उजेड पाडायचा. मला ते जमायला लागलं होतं. (निदान शेठ ओरडायचे कमी झाले होते.) तेवढ्यात नोव्हेंबर आला आणि अण्णा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी फोटो काढायला आमच्याच स्टुडिओत आले. त्यांचा तो त्रासिक, सुरकुतलेला, अर्धा उजेडात आलेला चेहरा बघून मला एकदम एक म्हातारा डच चित्रकार आठवला. त्याने स्वतःचंच चित्र काढलंय. डोक्यावर मखमली टोपी, अंगावर केसाळ कॉलर, मागे नुसता काळोख. त्याचं नाव मला आजही एका दमात घेता येत नाही, पण चेहरा हुबेहूब अण्णांचा.

मी ठरवलं, दत्तजयंतीपर्यंत थांबायचंच नाही, अण्णांना त्यांचंच चित्र करून दाखवायचं. टोपी आपांनी शिवून दिली, कुठल्याशा नवरीच्या ब्लाउजच्या उरलेल्या मरून मखमलीची. ती घालायला डोकं मिळेना, म्हणून पाण्याच्या माठावर घालून फोटो काढला. कॉलरसाठी तपकिरी टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग हयातीच्या दाखल्यातले अण्णा घेतले, त्यांचा चष्मा पुसून टाकला, मागची निळी भिंत काळी केली, मूळ चित्रात आहे म्हणून डोळ्यांत किंचित पाणी सोडलं, माठावरची टोपी डोक्यावर आणि खुर्चीवरचा टॉवेल खांद्यावर चढवला. सगळं बसलं, फक्त गळा बसेना. टॉवेल आणि मान यांच्यामध्ये एक फट राहिली, आणि ती बुजवायला गेलं की अण्णांना गलगंड झाल्यासारखं दिसायचं.

शनिवारी तीन वाजता प्रिंट निघाली. फ्रेमवाल्याने मागे काळोख, सोनेरी चौकट आणि म्हातारा माणूस एवढं पाहिलं आणि न विचारता चंदनाचा हार घालून दिला. असल्या फोटोला तो घालतोच म्हणे. मी काढणार होतो, खोटं सांगत नाही. पण हार नेमका त्या फटीवर बसला होता! रिटायर होताना अण्णांना हार घातलाच होता की, अशी मी मनाची समजूत घातली.

घरी कुणी नव्हतं. ताई आणि दाजी करोंदला बारशाला गेले होते, अण्णा मिसरोदला मित्राकडे, आणि त्यांचा मोबाईल घरीच चार्जिंगला. काचेवर खिडकीची चमक येऊ नये म्हणून फ्रेम दक्षिणेच्या भिंतीला खुर्चीवर ठेवली. मूळ चित्रात उजेड डावीकडून येतो, म्हणून ट्यूबलाइट बंद करून डावीकडे समई लावली. अण्णांना आल्या आल्या दिसावं म्हणून दार सताड उघडं टाकलं. आणि आता ते काय म्हणतील या धास्तीने गुडघ्यात डोकं घालून जमिनीवर बसून राहिलो.

पहिले आले समोरचे श्रीवास्तवजी. लिंबाच्या झाडाच्या फांदीवरून दोन वर्षं ते अण्णांशी बोलत नव्हते. दारात थबकले, चपला काढल्या आणि माझ्याजवळ येऊन बसले. हळूच म्हणाले, "कब?"

"तीन बजे पूरा हुआ," मी म्हणालो.

"तकलीफ़ हुई?"

"बस गले में दिक्कत आई. बाकी आराम से हो गया."

श्रीवास्तवजी हुंदके देऊन रडायला लागले. मी चक्रावलो. कलेची मात्रा माणसावर इतकी लागू पडते हे आठवीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं. ते डोळे पुसत निघून गेले आणि अर्ध्या तासात सकाळी फिरायला जाणारी अण्णांची अख्खी टोळी पांढऱ्या कपड्यांत हजर. जो तो फ्रेमसमोर हात जोडायचा, माझ्या पाठीवरून हात फिरवायचा आणि बसायचा. कुणी म्हणालं, चेहरा किती शांत दिसतोय. मी नम्रपणे सांगितलं की सुरकुत्या थोड्या कमी केल्यात. मागल्या गल्लीतल्या काकूंनी डबाभर खिचडी आणली, आज तुमच्याकडे चूल पेटणार नाही म्हणाल्या. चित्र बघायला येताना लोक इथे डबा आणतात, ही भोपाळची रीत मला फार आवडली.

तेवढ्यात नफीसाआपा धावत आल्या. त्यांनी आपली टोपी ओळखली आणि मला ओढत स्वयंपाकघरात नेलं. "ये सब रो क्यों रहे हैं?"

"अच्छी बनी है, इसलिए," मी म्हणालो.

आपांनी कपाळावर हात मारला आणि हार, समई, दक्षिणेची भिंत, एकेक करून मला समजावलं. बाहेर जाऊन सांगणार, तोच दारात अण्णा. घरात गर्दी बघून ते चपला काढून गुपचूप मागे बसले आणि शेजारच्या माणसाला त्यांनी विचारलं, कोण गेलं?

त्याने मान न उचलता सांगितलं, "सबनीसजी."

"कौन से सबनीसजी?"

आवाज ओळखून त्या माणसाने मान वर केली. पुढची दोन मिनिटं मला नीट आठवत नाहीत. काकू किंचाळल्या, श्रीवास्तवजींनी अण्णांना मिठी मारली आणि मग लाजून सोडली. अण्णांनी भिंतीकडे पाहिलं, हार पाहिला, मग मला पाहिलं. शांतपणे म्हणाले, "सामान बांध."

मी खरंच बांधायला वळलो. आपा मध्ये आल्या.

"भाईसाहब, ग़ुस्सा बाद में. पहले ये बताइए, फोटो में आप ही हैं न?"

"मी नाही तर कोण?"

"चश्मा नहीं, सर पे मेरी टोपी, कमरे में अँधेरा. फिर भी पूरे मोहल्ले ने पहचाना, रोया भी. अब आप ही बोलिए, लड़के ने काम सीखा कि नहीं?"

अण्णा उठले, ट्यूबलाइट लावली, हार काढून बाजूला ठेवला आणि कारखान्यात नळीचा सांधा तपासावा तसे वाकून फ्रेमला नाक लावून उभे राहिले. बराच वेळ. मग गळ्यापाशी बोट टेकवलं.

"इथलं वेल्डिंग कच्चं आहे," ते म्हणाले. "पक्कं करून आण. घाई नको, दत्तजयंतीनंतर आण."

त्या 'नंतर'मुळे मी अजून इथे आहे.

आपांचे हे उपकार मी एक ना एक दिवस फेडणार आहे. कसे फेडू, म्हणून मी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, आणखी काही नको, फक्त माझा फोटो कधी काढू नकोस. तेवढं मी जन्मभर पाळीन, असा शब्द दिलाय. आजवर फक्त दोनदाच चुकलोय.