मास्तरांच्या खिरीचा गुण

गुलाबराव मास्तर गेल्या थंडीत पांढुर्ण्यात, राहत्या घरी वारले. श्वासनलिकांचा जुनाट आजार त्यांना बरीच वर्षे होता. तो त्यांनी शेवटपर्यंत मान्य केला नाही. "कफ आहे," ते म्हणत. "कफाले आजार म्हणते तो डॉक्टर अजून शिकून राहिला."

मास्तर शाळेत विज्ञान शिकवत. फळ्यावर फुप्फुस सुरेख काढत: उलट्या झाडासारख्या फुटत गेलेल्या नळ्या आणि टोकाला हवेचे बारीक फुगे. तास संपला की शाळेमागे जाऊन बिडी ओढत. चित्राचा आणि बिडीचा काही संबंध आहे, असे त्यांना नोकरीभर वाटले नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी कोजागिरी हाती घेतली. रामाकोन्याच्या पुढे एका शेतात त्या रात्री दम्याचे औषध घातलेली खीर चांदण्यात ठेवतात आणि पहाटे उपाशीपोटी देतात. पांढुर्ण्याचे रोगी मास्तर जीपने नेत. जीपमध्ये जागा हवी असेल तर आठवडाभर आधी आपला पंप, म्हणजे तोंडाने औषध ओढायचा इनहेलर, त्यांच्याकडे जमा करावा लागे. ही अट शेतवाल्याची नव्हती, मास्तरांची होती. जमा झालेले पंप ते कपाटात ठेवून कुलूप लावत. "पंप दारूसारखा आहे," ते सांगत. "एक डाव तोंडाले लागला का सुटत नाही." निवडणुकीआधी ठाण्यात बंदुका जमा कराव्यात, तशी शिकलीसवरलेली माणसे रांगेने पंप देऊन जात.

त्यांची सून सुलभा बोरगावची. तिला लहानपणापासून दमा. रोज घ्यायचा पंप नळ्यांची सूज उतरवतो आणि तो थांबवला की सूज परत येते, हे तिला ठाऊक होते. तरी लग्नानंतर पहिल्या वर्षी तिने सासऱ्यांचे ऐकले. ती कोजागिरी तिने नागपूरच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर काढली. पुढच्या वर्षी तिने पंप द्यायला नकार दिला.

"काऊन सूनबाई, तुमच्या बोरगावले सासऱ्याले असंच उलटून बोलतेत?"

"मामाजी, बोलाले श्वास लागते. पंप नाही भेटणार."

"मंग तुले खीर नाही."

"नका देऊ."

सासूबाईंनी तिला तरीही जीपमध्ये बसवले, मास्तरांवर लक्ष ठेवायला. शेजारी म्हणून मीही होतो.

सकाळी परतताना, सौंसर मागे पडल्यावर, रस्त्याकडेला शेतातला काडीकचरा जळत होता. धूर जीपमध्ये शिरला. मास्तर खिरीचे गुण सांगत होते. वाक्य अर्धे राहिले. छातीतून शिट्टी वाजू लागली, ओठ काळसर पडले. जीप दम्याच्या रोग्यांनी भरलेली होती आणि खीर घेतलेल्या एकाकडेही पंप नव्हता. कुलपाची किल्ली मास्तरांच्या खिशात होती, कुलूप पांढुर्ण्यात.

सुलभाने पर्समधून आपला तातडीचा पंप काढून हलवला. "मामाजी, श्वास सोडा. आता मी दाबते, हळू आत ओढा. थांबा. सोडू नका." थोड्या वेळाने तिने पुन्हा दिला. काही मिनिटांत मास्तरांच्या तोंडाला रंग आला.

"पाहिलं?" ते सगळ्यांना म्हणाले. "आला खिरीचा गुण."

सुलभाने पंपाचे तोंड पदराने पुसले. "हो मामाजी. खिरीले वाटेत जरा उशीर झाला."

हा प्रसंग मास्तरांनी नंतर गावभर सांगितला. त्यात धूर होता, शिट्टी होती, खीर होती. पंप नव्हता.

पुढे सुलभाला तपासणाऱ्या नागपूरच्या छातीच्या डॉक्टरांनी त्यांना यंत्रात फुंकायला लावले. मी सोबत होतो. तुमच्या सुनेच्या नळ्या औषधाने मोकळ्या होतात, तुमच्या आता पूर्ण मोकळ्या होणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. टोकाचे फुगे बिडीने फाटले आहेत, ते परत येत नाहीत. बिडी सोडली आणि पंप नेमाने घेतला, तर श्वास हलका होईल आणि नुकसान हळू होईल. मास्तरांनी मान डोलावली. पांढुर्ण्याला येऊन सांगितले, "मशीन खराब होती त्याची."

तेरवीला जीपमधले सगळे आले होते. "खिरीनं दहा वर्षं जास्त काढले मास्तरानं," एकाने मला सांगितले. सुलभा वाढत होती. तिने त्याच्या पानात भात वाढला आणि पुढे गेली.

यंदाच्या कोजागिरीला पांढुर्ण्याहून दोन जीप निघाल्या. सुलभा कोणत्याच जीपमध्ये नव्हती.