हिरवं दिसलं की जंगल

आमचे हे, म्हणजे रत्नाकर, पुदिना आणायला पाठवलं तर कोथिंबीर घेऊन येतात. असा माणूस अख्ख्या जिल्ह्याच्या जमिनीची जात ठरवून राहिला होता! राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली आणि जमिनीच्या वर्गवारीच्या दफ्तरात ह्यांची नेमणूक झाली. चौबे कॉलोनीत भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. "उल्का, दोन वर्षांत आपलं घर," म्हणाले. त्याला बारा वर्षं झाली.

वरून फॉर्म आला होता. त्यात चार रकाने: वन, गवताळ, बर्फाळ डोंगरावरचं कुरण आणि पडीक. भर मे महिन्यात, कूलरपुढे बसून, हे आठ दिवस बर्फाळ डोंगर शोधून राहिले. शेवटी शून्य लिहिलं. साहेबांनी फॉर्म परत पाठवला, "शून्य नहीं, निरंक लिखिए." दोनशे पानांवर निरंक लिहून हे घरी आले ते गड जिंकल्यासारखे.

बाकीचं काम सोपं होतं. उपग्रहाच्या फोटोत हिरवं दिसलं की जंगल, भुरकं दिसलं की पडीक.

"अन् गवत?" मी विचारलं.

"ते फोटो कोणत्या महिन्यातला आहे त्याच्यावर आहे."

"मग जाऊन पाहा ना!"

"जाऊन काहून पाहायचं? फोटो आहे ना!"

एकदा अंजनाबाई नावाची म्हातारी थेट घरी आली. दफ्तरात चौकीदारानं घुसू दिलं नव्हतं. तिच्या गावाची चराई, म्हणजे गायरान, ह्यांच्या नकाशात जंगल झाली होती, अन् वनरक्षक तिच्या गाई हाकलून देत होता. "आके देख तो लव, साहेब. कांदी हे उहां, कांदी." कांदी म्हणजे गवत, एवढं मलाही कळलं. हे म्हणाले, "बाई, तुले काय समजते? नकाशात जंगल आहे." मी तिला चहा दिला, अन् ती गेल्यावर दारही मीच लावलं. खोटं कशाला बोलू?

पुढच्या वर्षी शालिग्राम नावाच्या दलालानं शहराबाहेर उभ्या होत असलेल्या नव्या राजधानीच्या बाजूला प्लॉट दाखवला, तोही कागदावरच. ह्यांनी फंड काढला. मी पंडरीच्या कापडबाजारातून मोठ्या खिडक्यांच्या मापाचं पडद्याचं कापड आणलं, शिवूनही घेतलं. आणि बांधकामाचा अर्ज परत आला: ही जागा वनात मोडते. सोबत नकाशा, खाली सही. सही ह्यांचीच! मी आधी पोट धरून हसले, मग रात्रभर रडले.

साहेब म्हणाले, "आपकी ही फाइल है, आप ही देख आइए." नोकरीत पहिल्यांदा हे जमीन पाहायला निघाले. स्कूटरवर मागे मी.

गुडघाभर गवत, दोन बाभळी, अन् आमच्या होणाऱ्या स्वयंपाकघरात वीस-बावीस गाई चरत होत्या. काठी टेकून अंजनाबाई उभी. तीच जागा हो! ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

"साहेब आए हे!" ती म्हणाली. "अब देख लव." बस, एवढंच.

मी ह्यांच्या कानात म्हटलं, "पडीक लिहा." दलालानं सांगून ठेवलं होतं, पडीक लिहिलं की घराला परवानगी मिळते. जंगल लिहिलं तर नाही, अन् चराई लिहिली तर तिथं वीटही ठेवता येत नाही.

हे खाली बसले. गवतात हात घातला. त्यात टोळ होते, कसलीशी निळी फुलं होती, एका पाखराचं घरटं होतं.

"उल्का, याला पडीक कसं लिहू?"

"दोनशे पानं न पाहता लिहिली, आज काहून अडून राहिले? लिहा!"

त्यांनी लिहिलं. गवताळ, गावची चराई. खाली सही केली. आयुष्यभर साहेबाच्या मागे मान डोलावणाऱ्या माणसाला शहाणपण सुचावं ते माझ्या घराच्या जिवावर!

येताना मी पंडरीत स्कूटर थांबवायला लावली, पडदे परत घेता का म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, "दीदी, सिला हुआ माल वापस नहीं होता."

ते पडदे आता भाड्याच्या खिडक्यांना आहेत. हातभर जास्त लांब आहेत, जमिनीवर लोळतात. हे म्हणतात, कापून घे. मी कापत नाही.