पालथं निजवलेलं बाळ

बाळ निळं पडलं. आधी ओठ, मग नखं. छाती आत ओढली जात होती, बरगड्यांखाली खड्डा पडत होता, पण वारा आत जात नव्हता. सहा दिवसांचा माझा पहिला मुलगा न्हाणीत म्हातारीच्या पायांवर उताणा होता. मी दाराला धरून उभी.

ही म्हातारी कडाव गावातल्या सगळ्या बाळांना अंघोळ घालायची. तिने तेलकट हातांनी त्याला झटक्यात पालथा केला, पाठ चोळायला करतात तसा. त्याने श्वास ओढला आणि असा रडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

म्हातारीने मुद्दाम परत उताणा केला. श्वास अडला. पालथा केला, सुटला.

"हनवटी बघ गं याची. नायच! जिभेला जागा नाय, म्हणून ती घशात पडते."

पाच दिवस आम्ही त्याला कापडात घट्ट बांधून, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीच्या उशीवर उताणा निजवत होतो. उशीने हनवटी छातीला टेकायची. आमच्याच हातांनी आम्ही त्याचा गळा दाबत होतो.

सासूबाई ओरडल्या, "पालथा निजवतात का कुणी? बेडूक हाय का तो?"

म्हातारी म्हणाली, "बेडूक तर बेडूक. डोकं वाकडं झालं तर टोपी घाला. मेला तर काय घालाल?"

सासूबाईंनी मोहरीची उशी उचलून माळ्यावर टाकली. तिकडे मोठी लढाई चालू होती, कर्जतचा डॉक्टर पलटणीत गेलेला. विचारायला दुसरं कुणी नव्हतं. मग सासूबाई आणि मी पाळीपाळीने त्याला मांडीवर पालथा धरून बसायचो. दूध बोंडल्याने, थेंब थेंब.

बसायला लागला तसा तो मान पुढे काढून हनवटी वर करायचा, पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखा. मी पाठीत धपाटा घालायची, "सरळ बस रं!" सरळ बसवला की तोंड उघडून धापा टाकायचा. मग मी धपाटे बंद केले. त्या एवढ्याशा जिवाने वाऱ्याची वाट स्वतः शोधली होती आणि तिच्यासाठी सगळी पाठ वाकवली होती. हनवटीचं नखाएवढं हाड मागे राहिलं तर अख्खं शरीर त्याचं ऐकतं! मी चौथीपर्यंत शिकले, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

वर्षं गेली तसा जबडा पुढे आला. मानही आपली आपण सरळ झाली. औषध नाही, नवस नाही. मी नुसती बघत राहिले.

म्हातारी तो शाळेत जायच्या आधी वारली. सासूबाई नंतर गेल्या. तो आहे. मी आहे.