गुरूचं ग्रहण

ये गं, अशी जवळ सरक. कागदावरून का होईना, माझ्यासमोर बस आणि कान इकडं दे. भावाची लेक म्हणून तुझे लाड केले मी, पण आज थोडं रागवणार आहे. पुण्यात बसून बोटाच्या टोकानं काय काय पाठवत असतेस तू आम्हाला! खाली दोन हसरी तोंडं लावली की गंमत झाली, असं तुला वाटतं. तुझी ती गंमत अंबडच्या पुढं आमच्या गावात पोचली आणि तिचं काय झालं, हे तुला कुणीच धड सांगितलं नाही. मी सांगते.

तुझ्या मेसेजात लिहिलं होतं की अमुक दिवशी दुपारी पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण थोडा वेळ सुटणार, हवा निघून जाणार, माणसं-जनावरं तरंगणार, सगळ्यांनी घट्ट धरून बसा. माझी लेक तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आलेली. दिवस भरलेले. तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, राजूरकडच्या. त्यांना वाचता येत नाही. फिरत फिरत तिकडं पोचलेला तुझा मेसेज शेजारच्या कुणी तरी वाचून दाखवला आणि त्यांच्या कानात एवढंच शिरलं: गुरूचं ग्रहण. सकाळच्या पहिल्या एसटीनं पिशवी घेऊन त्या माझ्या दारात उभ्या.

"विहीणबाई, पोरीला उंबऱ्याभायेर काढायचं न्हाई. गुरूचं गिऱ्हान हाय आज."

"अहो, ग्रहण नाही ते. गुरुत्वाकर्षण. पृथ्वी आपल्याला धरून ठेवते ना, ते."

"सुटनार म्हनून लिव्हलंय का न्हाई? मंग जे सुटतं ते आधी लागतं का न्हाई? मला नका शिकवू."

मी कसली शिकवणार! मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं लेकीची पुस्तकं चुलीपुढं बसून वाचली, तेवढंच. त्यातही आपण मुलीकडचे. आपला आवाज चढत नाही.

त्यांनी विळी, सुई, कात्री उचलून माळ्यावर ठेवली. खाटेचे पाय दाव्यानं मेढीच्या खांबाला बांधले. माझा पाटा ओढत आणून लेकीच्या पायथ्याशी ठेवला. "जडाला काय व्हत न्हाई, हलकंच उडतं," म्हणाल्या. हवा निघून जाईल म्हणून खिडकीत गोधड्या कोंबल्या. उन्हाळा कसला होता बाई! पत्र्याखाली नुसती भट्टी. आणि मोबाईलमधून किरणं येतात म्हणून माझा मोबाईल बंद करून ज्वारीच्या कोठीत.

मोबाईल जायच्या आधी मी सरकारी दवाखान्याच्या आशाताईला फोन केला होता, तेवढं बरं. कारण त्याच सकाळी लेकीची पाणमोट फुटली होती आणि पाणी हिरवट होतं. आशाताई म्हणाली, "मावशी, हिरवं असंल तर बिलकुल थांबू नका. बाळानं पोटात घाण केली. पोरीला जल्दी अंबडला घेऊन या, मी दवाखान्यात सांगून ठिवते." गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती. रस्ता होता, दवाखाना होता. आडवा होता तो एक शब्द.

मी हात जोडले. म्हटलं, "विहीणबाई, पृथ्वी अशी मधेच सोडत नसते. अन् सोडलंच समजा, तर या पाट्याचं वजन तरी कुठं राहील? तोही तरंगेल की."

"दगुड तरंगंल? काय बोलता!"

मी वरवंटा उचलला, टोपल्यातलं मोसंबं घेतलं, स्टुलावर चढले आणि दोन्ही एकदम सोडली. धप्प करून दोन्ही एकदमच पडली. म्हटलं, "पाहा, जड-हलकं पृथ्वीला सारखंच. ती सगळ्यांना सारखंच ओढते."

विहीणबाई भिंतीला टेकल्या. "अगं माय! जडपना जाऊन राह्यला. लागलं गिऱ्हान!"

मी डोकं धरून खाली बसले.

मंग लेकीकडं वळले. ती बारावी शिकलेली. वाटलं, ही तरी ऐकेल. तर ती दाव्याला घट्ट धरून घामानं भिजलेली. "आई, बाहेर गेलो अन् खरंच सुटलं तर? बाळ पोटात वर चढंल. उलटं होईल."

"अगं, बाळ तर इतके महिने पाण्यात तरंगतंच आहे की! त्याला काय नवीन?"

"हवा गेली तर? ती पोकळी आपल्याला ओढून घेईल, असं लिव्हलंय."

"पोकळी कुणाला ओढत नसते, राणी. पोकळीला हात कुठं आहेत? आपण नळीनं उसाचा रस पितो, तेव्हा तोंडातली हवा कमी होते अन् बाहेरची हवा रस वर ढकलते. ढकलणारी हवाच. अन् त्या हवेलाही पृथ्वीनंच धरलंय."

"अन् पृथ्वी सुटली तर हवा कोन धरील?"

बरोबर होतं की तिचं. तेवढ्यात तिला अशी कळ आली, की तिचे डोळे पांढरे झाले. कळ ओसरल्यावर मला म्हणाली, "आई, बाळ हलंना गं."

विहीणबाईंनी तिच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला. हळूच मला म्हणाल्या, "माझ्या थोरलीच्या टायमाला मी गिऱ्हानात भाजी चिरली व्हती. फाटक्या वठाची निपजली. तिला दूध ओढता आलं न्हाई. गेली. तवा मला कुनी म्हनलं का, की भाजीनं काय व्हतंय?"

तेव्हा मला कळलं, की या बाईला पुस्तकातलं सांगून काही उपयोग नाही. तिला पोर वाचवायचं होतं. मलाही तेच वाचवायचं होतं.

मी मागच्या दारानं न्हाणीत गेले. बादलीभर पाणी लुगड्यासकट डोक्यावर ओतून घेतलं आणि मोठ्यानं ओरडले, "सुटलं! सुटलं गिऱ्हान! दान द्या, दान द्या!" ग्रहण सुटलं की अंगावरून पाणी घेतात, तसं. ओल्या अंगानं आत आले, सुपातले गहू मुठीनं दाराबाहेर टाकले. विहीणबाईंनी माझ्या निथळणाऱ्या केसांकडं पाहिलं आणि पटकन दावं सोडायला वाकल्या. गाठ त्यांनीच मारलेली, पण सुटेना. दातांनी सोडली.

रिक्षात दोघींनी लेकीला मधे धरलं. रिक्षावाल्यानं ब्रेक दाबला की आम्ही तिघी पुढं जायचो आणि विहीणबाई ओरडायच्या, "ढकलतो कामून रे भाड्या?" त्या पोराच्या हातात काय होतं? गाडी थांबते, अंग चालत राहतं. पण त्या दिवशी मी ते सांगितलं नाही. मला नुसतं पोचायचं होतं.

दवाखान्यात बाळ झालं, पण रडलं नाही. किती तरी वेळ रडलं नाही. पाठीवर थापा मारल्या, तोंडात नळी घातली, मंग मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. तसंच उचलून जालन्याला नेलं, काचेच्या पेटीत ठेवलं. जगलं. मुलगी आहे.

तू बारशाचे फोटो पाहिलेस ना? त्यात ती झोपलेली आहे, म्हणून तुला कळलं नसेल. तिच्या बरोबरीची पोरं आता रांगायला लागली आणि हिनं अजून मान धरली नाही. खांद्यावर घेतलं की डोकं कलंडतं, परकराच्या नाडीसारखं. डॉक्टर म्हणतात, व्यायाम करून घ्या, वाट पाहा. लेक तिला रोज पालथी घालते, पुढं खुळखुळा वाजवते आणि म्हणते, "उचल गं सोने, थोडी उचल." पोर डोळे फिरवते, डोकं सतरंजीवरच राहतं. पृथ्वी सगळ्यांना सारखंच ओढते, असं मोठ्या तोंडानं सांगितलं होतं मी. बाकीची पोरं तिच्याविरुद्ध मान वर काढतात. आमची हरते. मी पाहते आणि स्वयंपाकघरात येऊन उगीच भांडी वाजवते.

लवकर नेली असती तर? डॉक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, आता ते कुणाला सांगता येतं, आजी. विहीणबाई येतात, पोरीला मांडीवर घेऊन बसतात. आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडं पाहत नाही.

आणि तू फोन करायचंच सोडलंस. कुणाकडून तरी थोडंफार ऐकलं असशील आणि भ्यायली असशील. लेक विचारते, "ताई कामून येत न्हाई, आई?" मी काय सांगू? तिच्या मनात तुझ्यावर राग नाही गं. तिला कुणी तरी जवळ हवंय. दिवसभर एकटी त्या सतरंजीजवळ बसून असते, माझ्याशीही धड बोलत नाही. तुझ्याशी बोलेल. लहानपणी तुम्ही दोघी एका पांघरुणात झोपायच्या.

ये बाई. सुट्टी मिळो न मिळो, एक दिवस तरी ये. अंबडच्या स्टँडवर मी घ्यायला येते. उशीर नको करू, लवकर ये.