रविवारच्या नऊ कोंबड्या

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी तपासनीस होतो. तयार झालेला माल मोजायचा, चुकला असेल तर परत पाठवायचा. आठवड्याचे सहा दिवस लोकांच्या चुका काढून माणसाचा स्वभाव बिघडतो, आणि माझा मुळातच फार गोड नव्हता. रविवारी सुट्टी मिळाली की मी करमाडला शेतावर जायचो आणि तिथं वडिलांच्या चुका काढायचो.

आई गेल्यापासून आबा शेतातल्या खोलीत एकटेच राहत होते. त्या वर्षी दिवाळीत ते गोठ्यात पाय घसरून पडले आणि उजवं मनगट दुखावून बसले. मी तिथल्या तिथं निकाल लावला. दोन शेळ्या, त्यांची करडं, नऊ कोंबड्या आणि एक उद्धट कोंबडा, सगळं विकायचं, खोलीला कुलूप घालायचं आणि आबांनी माझ्याकडं राहायला यायचं.

आबा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. वाद घालायचा झाला की त्यांची भाषा एकदम कचेरीतली व्हायची.

"मुदत दे," ते म्हणाले.

"कशाची मुदत?"

"संक्रांतीपस्तोर. थंडीत जनावर जगवणं सोपं नाय. माझं एक बी जनावर गेलं तर मुकाट तुझ्या मागं येतो. नाय गेलं तर हा इषय परत काढायचा नाय. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. एका हातानं हा माणूस काय सांभाळणार, असं माझ्या मनात होतं. पण खरं सांगतो, मला नुसतं जिंकायचं नव्हतं. ते पुन्हा कुठं पडले आणि कुणाला कळलंच नाही तर, या विचारानं कामावरसुद्धा माझं लक्ष लागत नसे.

मग दर रविवारी मी सकाळच्या एसटीनं जायचो, चहाच्या आधी जनावरं मोजायचो आणि तीनच्या गाडीनं परत यायचो. आबांनी तयारी मात्र नेटकी केली होती. गोठ्याच्या वाऱ्याच्या बाजूला कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या, खुराड्यावर गोणपाट टाकलं होतं, तळाला राख पसरली होती. शेळ्यांना सकाळी कोमट पाणी मिळायचं. मला मात्र चहा गारच मिळायचा, पण ते असो. कोंबड्या मोजल्या की नऊ भरायच्या. दर रविवारी बरोब्बर नऊ.

दोन-तीन गोष्टी खटकल्या होत्या, नाही असं नाही. तीन कोंबड्यांच्या पायांना हिरव्या चिंध्या बांधलेल्या दिसल्या. मी विचारलं तर आबा म्हणाले, "म्हाताऱ्या हायेत त्या. वळखू याव्या म्हणून बांधल्यात." त्या तिघी कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असायच्या आणि बाकीच्या त्यांना टोचत सुटायच्या. "थंडीनं चिडल्यात," आबा म्हणाले. एरवी मुठीनं मोजून दाणे टाकणारा हा माणूस रविवारी मात्र अंगणभर ज्वारी उधळायचा. मुलगा आला म्हणून खुशीत असतील, असं मी समजलो. बांधापलीकडं भावकीतली काकू राहायची. ती रविवारी हमखास बांधावर यायची, माझी मोजणी बघायची आणि तोंडाला पदर लावून निघून जायची.

संक्रांतीच्या आधीचा शेवटचा रविवार आला. मोजणी झाली, नऊ भरल्या. मी मनातून हरलो होतो आणि हरल्याच्या रागात हुरडा जरा जास्तच खाल्ला. तीन वाजता उठवेना. "आज राहतो, उद्या पहाटेच्या गाडीनं थेट कामावर जाईन," असं मी म्हणालो.

आबांचा चेहरा उतरला. "ऱ्हातू कशाला? जा की. रात्रीची थंडी लई पडती."

"पडू द्या."

"पांघरूण नाय."

"आबा, मी काय पाहुणा आहे का?"

मला लागलं ते. घरचा माणूस आपणहून राहतो म्हणतोय आणि बाप त्याला हाकलतोय! मी बाज ओढली आणि अंगणाच्या मधोमध ठाण मांडून बसलो.

दिवस कलला. ज्वारी संपली होती. हिरव्या चिंधीची एक कोंबडी मान वर करून उभी राहिली, इकडंतिकडं बघितलं आणि शांतपणे बांधाकडं चालू लागली. तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. घाई नाही, गडबड नाही, रोजची वाट असल्यासारख्या त्या बांध चढून पलीकडं उतरल्या आणि काकूच्या खुराड्यात शिरल्या. इकडं आमच्या खुराड्यात कोंबड्या गेल्या सहा.

मी आबांकडं बघितलं. आबा आभाळाकडं बघत होते.

"पाव्हण्या व्हत्या," ते म्हणाले.

मी भडकलो. महिनाभर मला, तपासनिसाला, उसन्या कोंबड्या मोजायला लावल्या होत्या! आवाज ऐकून काकू बांधावर आली. "लेकरा, त्यांना कायबी बोलू नगं," ती म्हणाली. "डालगं घिऊन दर आयतवारी पहाटं येत्यात बघ भावजी. मला लाज वाटती, पर कोंबडीला नाय म्हणावं कसं?"

मग आबांनीच सगळं सांगितलं. खुराड्यामागच्या दगडांत फट होती. एका सकाळी तिथनं मुंगूस बाहेर आलं. मुंगूस दिसणं म्हणजे शुभ, म्हणून आबांनी मनगट दुखत असतानाही हात जोडले. आत बघतात तर दोन कोंबड्या गारद.

"आणि तिसरी?" मी विचारलं.

"चार दिसांनी परत दिसलं."

"परत हात जोडले?"

"एकच जोडला," आबा म्हणाले, आणि काकू पदरात तोंड खुपसून हसली. मलाही हसू यायला लागलं, ते मी दाबलं. त्यानंतर आबांनी एका हातानं दगड रेटत रेटत ती फट बुजवली होती. पुढं एकही कोंबडी गेली नाही.

"पण शर्त शर्त हाय," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज कचेरीतला नव्हता. "हरलो मी. कुलूप लाव. पर एक सांगतो. दिस बुडाला का कोंबडीला बी आपलं खुराडं गावतं. तुझ्याकडं ऱ्हाताना मला संध्याकाळी वाट दिसायची नाय रं, कुठं जावं ते."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला स्वतःची लाज वाटली. इतके रविवार मी कोंबड्या मोजल्या होत्या, पण या माणसाकडं एकदाही नीट बघितलं नव्हतं.

सकाळी उठलो तर आबा गोठ्यात होते. मी हौसेनं आणून दिलेली लोकरीची शाल दोन करडांच्या अंगावर होती आणि आबा नुसत्या बंडीवर शेळीला कोमट पाणी पाजत होते. दुखरा हात बादलीच्या बुडाला होता. मी पुढं होऊन बादली धरली.

"मुदत वाढवली," मी म्हणालो.

"कुठवर?"

"पुढच्या संक्रांतीपर्यंत."

"कबूल," आबा म्हणाले आणि लगेच माझ्या बादली धरण्यात चूक काढली.

ती मुदत आम्ही दर वर्षी वाढवत गेलो. आबा शेवटपर्यंत तिथंच राहिले आणि तिथूनच गेले.

आता त्या खोलीत मी राहतो. काकू नाही, पण तिची सून बांधापलीकडं आहे. माझा मुलगा पुण्यात असतो. यंदा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. "बाबा, तुम्हाला झेपत नाही आता, इकडं या," म्हणतो आणि फोन कोंबड्यांकडं फिरवायला लावतो. माझ्यावरच गेलाय, एकेक करून मोजतो. अकरा भरल्या की गप्प बसतो.

त्याचा फोन सकाळीच येतो, हे एक बरं आहे.