मागच्या शिंकेला

आईला डायलिसिससाठी मी सावेडीच्या दवाखान्यात न्यायचे, तेव्हा एक माणूस बाहेरच्या बाकावर शेजारी असायचा. वय चाळिशीचं, पण भिंत धरून चालायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा त्याला शिंक येऊ लागली. त्याने नाक गच्च दाबलं, दुसऱ्या हाताने बाक धरला आणि घाबरून डोळे मिटले. मला हसू फुटलं.

"हसू नका, ताई. मागच्या शिंकेला बरगडी मोडली."

मग त्याने सगळं सांगितलं. नागापूरच्या एका वर्कशॉपात तो कित्येक वर्षं नट-बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा चढवत होता. त्या धातूने आधी मूत्रपिंडं निकामी केली, मग हाडं पोखरली, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मास्क नव्हता?"

"हुता. पन लई गुदमरायचं. आन् हवेत डोळ्याला तर काय दिसत न्हाई, मंग भ्यायचं कशाला?"

"आता तुमच्या जागी कोण?"

"माजी बायको."

"तिला हे ठाऊक आहे?"

"डाक्टर सांगत हुते, तवा ती माज्या शेजारीच हुती. दुसऱ्या दिवशी कामावर गेली."

त्या बाईला मी कधीच पाहिलं नाही. पण आईला घेऊन घरी येताना वाटभर मला तीच दिसत होती.